चित्राखालील नाव : जपानमधील मिथिला संग्रहालयाचा अभ्यास

जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाची नावाचे एक छोटे शहर आहे. टोकियोहून शिंकान्सेन या अतिजलद गाडीने एचिगो-युझावा आणि तेथून होकुहोकु मार्गाने तेथे पोहोचता येते. हिवाळ्यात या भागात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचतो. तरुण पिढी शहरांकडे गेली, मुलांची संख्या घटली आणि डोंगराळ भागातील शाळा बंद पडू लागल्या. अशाच एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय स्थापन केले. बिहारमधील मिथिला, मध्य प्रदेशातील गोंड आणि आपल्या महाराष्ट्रातील वारली चित्रे तेथे जतन केलेली आहेत. उरवडे येथील आपल्या निवासी शाळेशी ज्यांचे नाते आहे, त्यांनी या संग्रहालयाची ओळख करून घ्यावी, असे मला वाटते.

वारली चित्रकला मूळची लग्नघरातील आहे. कुडाची भिंत शेणामातीने सारवून व गेरूने रंगवून सवासिनी तांदळाच्या पिठाने तिच्यावर देवचौक रेखाटीत आणि त्यात पालघाट देवीची स्थापना होई. भिंत पुन्हा सारवली गेली की चित्र नाहीसे होई. चित्र काढणारीचे नाव कोणी लिहून ठेवीत नसे. मिथिलेतील स्त्रियांची भित्तिचित्रेही अशीच निनावी होती.

या दोन्ही परंपरा कागदावर येण्यामागे एका मराठी चित्रकाराचे श्रम आहेत. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात स्त्रियांना उत्पन्नाचे साधन मिळावे, म्हणून भास्कर कुलकर्णी यांना मधुबनी भागात पाठविण्यात आले. त्यांनी तेथील स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास उत्तेजन दिले. पुढे ते वारली पाड्यांवर पोहोचले. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांच्या प्रतिभेला त्यानंतर बाहेरचे जग दिसले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. म्हसे, तसेच मिथिलेच्या गंगादेवी यांनी तोकामाचीच्या संग्रहालयात राहून चित्रे काढली. भिंतीवरून पुसली जाणारी कला तेथे टिकली आणि चित्राखाली कलावंताचे नाव लिहिले गेले. ज्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत, त्या समाजाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि, नाव लिहिले गेले म्हणजे न्याय पूर्ण झाला, असे मानता येत नाही. मिथिला चित्रकलेत प्रारंभी प्रसिद्धी मिळाली ती मुख्यतः ब्राह्मण व कायस्थ घरांतील स्त्रियांना. १९७० च्या दशकात दुसाध या दलित समाजातील स्त्रिया पुढे आल्या. त्यांनी उच्चवर्णीयांच्या देवकथांची नक्कल केली नाही. अंगावरील गोंदणाच्या आकृती आणि आपल्या समाजाचा लोकनायक राजा सलहेस यांना त्यांनी कागदावर आणले. त्यातून ‘गोदना’ ही स्वतंत्र शैली उभी राहिली. आपले जे आहे तेच आत्मविश्वासाने मांडावे, हा त्यांच्या चित्रांतून मिळणारा धडा आहे.

दुसरी बाब अधिक वेदनादायक आहे. मध्य प्रदेशातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे गोंड चित्रकलेला नवे रूप देणारे कलावंत. २००१ च्या जुलै महिन्यात, याच संग्रहालयात कामासाठी राहिलेले असताना, त्यांनी आपले जीवन संपवले. घरापासून दूर, परक्या भाषेच्या मुलखात एकटा राहणारा कलावंत कोणत्या परिस्थितीत काम करतो, हा प्रश्न त्या वेळी भारतातील अनेक कलावंतांनी जाहीरपणे विचारला. चित्राचा सन्मान आणि चित्रकाराची काळजी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही. सम्यक आजीविकेचा विचार कमावणाऱ्यापुरता मर्यादित नाही. जो काम करवून घेतो, त्यालाही तो तितकाच लागू आहे.

म्हणून कोणतेही संग्रहालय पाहताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न सोबत न्यावेत. ही वस्तू कोणी घडवली? ती कशासाठी घडवली? ती येथे कशी आली आणि घडवणाऱ्याला त्यातून काय मिळाले? यासाठी जपानला जाण्याची आवश्यकता नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे आहेत. अशा जुन्या वस्तूंच्या घडवणाऱ्याचे नाव सहसा उपलब्ध नसते. तेथे उभे राहून या प्रश्नांचा विचार केला, तर एका दुपारी पुष्कळ शिकता येईल.

माजी विद्यार्थी व पालक यांना एक विनंती आहे. आपल्या घरातील आजी जात्यावर काय गात असे, गोधडी कोणत्या टाक्याने शिवत असे, आजोबांच्या हाताला कोणते कसब होते, हे लिहून काढावे. त्या नोंदीच्या शिरोभागी त्यांचे पूर्ण नाव व गाव लिहावे आणि ती शाळेच्या ग्रंथालयाकडे द्यावी. तोकामाचीत मुले उरली नाहीत, तेव्हा शाळेचे संग्रहालय झाले. आपल्या शाळेत मुले आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर, ती शिकत असतानाच, आपल्या माणसांची नावे असली पाहिजेत.