जुना लॅपटॉप मोडीत देण्यापूर्वी

तेल्हाऱ्यातील लहान व्यापाऱ्याचा दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप संथ झाला, की तो मोडीत द्यावासा वाटतो. आमच्या मते घाई करू नये.

सर्वप्रथम हिशोबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. यंत्र दुसरे मिळेल, उधारीचे आकडे मिळणार नाहीत. बॅटरी फुगली असल्यास चार्जिंग थांबवून ती काढून घ्यावी. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यात धूळ व रुईचे तंतू पंख्यात अडकतात. म्हणून होळीच्या सुमारास पंखा साफ करून प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट बदलावी.

नंतर खर्चाचा क्रम असा : आधी फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, मग रॅम ४ वरून ८ जीबी. डिस्कची जोडणी साटा की जुनी आयडीई, हे पाहूनच खरेदी करावी. तारीख वारंवार मागे जात असल्यास आतील ३ व्होल्टचा सेल बदलावा. मदरबोर्डच जळाला असेल, तर मात्र पैसा घालू नये.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लिनक्स मोफत आहे, पण टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. तेव्हा आपला हिशोब कशावर चालतो ते पाहून मगच बदल करावा.