संकलित चित्रफितीचे संकोचन

शाळेच्या प्रयोगशाळेतील अनुमापनाचा प्रयोग चित्रित करून इंटरनेटवर ठेवावयाचा आहे, अशी कल्पना करावी. शंकुपात्रात हायड्रोक्लोरिक आम्ल व फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब आहेत. वरून ब्यूरेटमधील सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने पडत आहे. अखेर एका थेंबासरशी द्रावणास फिकट गुलाबी छटा येते व ती टिकून राहते. हाच प्रयोगाचा अंतिम बिंदू होय. दहा मिनिटांच्या पाठाचे सारे प्रयोजन या एका छटेत आणि ब्यूरेटवरील बारीक रेघांत साठविलेले असते.

संकलन पुरे झाल्यावर एक्सपोर्ट करावयाचे, म्हणजे नेमके काय करावयाचे, हे समजण्यास थोडा हिशेब मांडावा लागतो. प्रत्येक फ्रेममध्ये १,९२० × १,०८०, म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूतील तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशास एकेक बाइट आणि सेकंदास २५ फ्रेम धरल्यास सेकंदाला सुमारे १५.५५ कोटी बाइट होतात; दहा मिनिटांना सुमारे ९३ गिगाबाइट. ज्या विद्यार्थ्यास दिवसाला एक-दीड गिगाबाइट डेटा मिळतो, त्याच्यापर्यंत ही चित्रफीत पोहोचणे शक्य नाही. म्हणून संकोचन अपरिहार्य ठरते.

संकोचनाची पहिली युक्ती डोळ्याच्या स्वभावावर आधारलेली आहे. मानवी डोळा उजेडातील फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगातील फरक टिपत नाही. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूसाठी, पण रंगाची नोंद चार बिंदूंत मिळून एकदाच ठेवतात; एवढ्यानेच माहिती निम्मी होते. दुसरी युक्ती याहून फलदायी आहे. पाठोपाठच्या दोन फ्रेममध्ये भिंत, टेबल व ब्यूरेट जागचे हललेले नसतात. तेव्हा पूर्ण फ्रेम पुन्हा न साठविता केवळ बदल साठवावयाचा. अधूनमधून जी फ्रेम पूर्ण साठविली जाते, तिला कीफ्रेम म्हणतात. पावसाच्या सरी किंवा उसळता धबधबा यांची चित्रफीत आकाराने फुगते, ती याच कारणाने: तेथे काहीच स्थिर नसते.

उरलेल्या माहितीवर एक गणिती संस्कार होतो. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांना ही कल्पना १९७२ साली सुचली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने तीसाठी अनुदान दिले नाही; तथापि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती १९७४ साली प्रसिद्ध केली. चित्राच्या लहान चौकोनातील बिंदूंचे आकडे या पद्धतीने सावकाश व जलद चढउतारांत विभागले जातात आणि क्षुल्लक आकडे शून्य धरले जातात. २००३ सालच्या एच.२६४ या मानकात याच रूपांतराचे पूर्णांकी रूप वापरलेले आहे.

क्षुल्लक कोणते, हे मात्र यंत्र आकड्यांच्या लहानमोठेपणावरून ठरविते. प्रयोगाचा हेतू त्यास ठाऊक नसतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदास खर्चावयाच्या बिटांची मर्यादा, फार खाली ठेवल्यास फिकट गुलाबी छटेचा अल्प बदल वगळला जातो व पुढील कीफ्रेम येईपर्यंत द्रावण रंगहीनच दिसत राहण्याचा संभव असतो. कीफ्रेममध्ये दहा सेकंदांचे अंतर असेल, तर तेवढ्या वेळात आणखी काही थेंब पडून जातात आणि विद्यार्थी ब्यूरेटचे चुकीचे वाचन टिपून घेतो. अशी चित्रफीत देखणी असली तरी पाठ म्हणून खोटी ठरते. कीफ्रेम दोन सेकंदांनी, म्हणजे दर ५० फ्रेमनंतर, ठेवल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो.

बिटरेट किती असावा? सेकंदास ८० लाख बिट दिल्यास दहा मिनिटांची फाइल ६०० मेगाबाइट होते. १,२८० × ७२० या लहान आकारात २० लाख बिट दिल्यास ती १५० मेगाबाइटवर येते. कॅमेरा स्थिर असेल, तर हे पुरते. मात्र ब्यूरेटच्या रेघा लहान आकारात पुसट होतात. त्यांसाठी जवळून घेतलेले दृश्य संकलनातच जोडावे. बिटरेट वाढवून हे काम साधत नाही. २०१८ सालचे एव्ही१ हे मानक कमी बिटांत तेवढाच दर्जा देते. परंतु जुन्या फोनमध्ये ते उलगडणारी यंत्रणा नसल्याने एच.२६४ ची प्रतही असावी.

पुष्कळ संकेतस्थळे आपल्याकडे आलेली फाइल पुन्हा संकोचित करतात. आधीच आवळलेली प्रत दिल्यास दोष दुणावतात; म्हणून तेथे उच्च बिटरेटची प्रत द्यावी व जवळजवळ असंकोचित अशी मास्टर प्रत स्वतंत्र जपावी. पुढे दुरुस्ती करणे झाल्यास ती मास्टरवरूनच करावी.

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी लिहिली जाते. ती आरंभी आणण्याचा पर्याय एक्सपोर्ट करताना निवडावा, म्हणजे सारी फाइल उतरण्याची वाट न पाहता चित्र सुरू होते. त्यानंतर साध्या फोनवर, मंद जोडणीवर, अंतिम बिंदूचे दृश्य पाहावे आणि गुलाबी छटा ज्या थेंबास मास्टर प्रतीत येते त्याच थेंबास येथेही येते की नाही, ते पडताळावे.