हात न पोचणाऱ्या वॉलात हवा : खर्च किती?

मिठबावात गाडीची हवा बहुतेक जण अंगठ्याने दाबून बघतात. ‘बरी आसा’ म्हटलं की गाडी सुटली तांबळडेगाकडे. पण जाड टायर 20 पीएसआयवर आला तरी अंगठ्याला 30 सारखाच लागतो. हवा मोजायचा काटा लावायला कंटाळा येतो त्याचं खरं कारण वॉल. स्कूटरच्या मागच्या चाकात एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला सायलेन्सर, आणि चाक जेमतेम 10 इंची. मोटरसायकलला डिस्कची थाळी नाहीतर चेनचं चक्र आडवं येतं. सरळ नळीचं तोंड वॉलावर तिरकं बसतं आणि भरण्यापेक्षा हवा निसटतेच जास्त.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काटकोनात वाकलेली पितळी मान, एल अ‍ॅडॅप्टर. साधारण 50 ते 150 रुपयांना मिळते. वॉलाची टोपी काढून ती फिरवून बसवायची आणि नळी बाजूने लावायची. हवा भरून झाली की मान काढून डिकीत टाकायची. ती कायम लावून ठेवू नका. चाक फिरताना तिच्या वजनाने रबरी वॉल मुळाशी हलत राहतो आणि तिथेच चिरतो. ट्यूबलेस टायर असेल तर पुढच्या वेळी टायर बदलतानाच वाकडा वॉल बसवून घ्या. दीड-दोनशे रुपयांत कायमची कटकट मिटते. मात्र रिमचं भोक बघून त्याच मापाचा घ्यायला सांगा.

काटा घेताना लवचिक नळीचा घ्या, साधारण 250 ते 500 रुपये. पेनासारखा सरळ काटा शे-दीडशेत येतो, पण आपल्या अडचणीत तो शिरतच नाही. पायपंप पाच-आठशेचा. बॅटरीवरचा छोटा कंप्रेसर दीड हजाराच्या पुढे. घरात एकच स्कूटर असेल तर तो माझ्या मते चैनीचा. पंक्चरवाला चाकामागे पाच-दहा रुपये घेतो. पंधरवड्याला दोन चाकं धरली तर वर्षाचे अडीचशे ते पाचशे झाले.

हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. सायलेन्सरचा चटकाही टळतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवून वॉल मोकळ्या जागी आणा. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. अ‍ॅक्टिवा 6जी ला पुढे 22, मागे एकट्याला 29 आणि दोघांना 36 पीएसआय. हा सात पीएसआयचा फरक कोणी पाळत नाही, आणि मागे आंब्याची पेटी बांधून निघालेल्या गाडीला त्याचीच गरज असते.

टोपी हरवली तर पाच-दहा रुपयांकडे बघू नका. खारा वारा आणि पुळणीची वाळू वॉलात गेली की पिन गळायला लागते. थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर पिन बदला, दहा-वीस रुपयांचं काम.

पेट्रोल पंपावर साधी हवा मोफत द्यावी लागते, पैसे पडतात ते नायट्रोजनचे. नुसत्या हवेसाठी देवगड गाठलंत तर पेट्रोलच जास्त जळेल, पण तेल भरायला गेलात की हक्काने मागा. पैसे मागितले तर तक्रारवही मागा, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा.