पानशेतचा कातळ वाचताना : एका दिवसाचा अभ्यासदौरा



पानशेत म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातला रविवार येतो. बाईकवर डबलसीट, वाटेत भाजलेलं कणीस, धरणाच्या पाण्याकडे पाठ करून काढलेला ग्रुप फोटो आणि मेस बंद व्हायच्या आत परत येण्याची घाई. यात वाईट काहीच नाही. पण पुण्यापासून साधारण चाळीस किलोमीटरच्या या पट्ट्यात जगातल्या सर्वांत मोठ्या लाव्हा-प्रदेशांपैकी एक आपल्याला चक्क रस्त्याच्या कडेला कापून ठेवलेला मिळतो. आणि भारतातल्या धरण-अभियांत्रिकीला विसरता येणार नाही अशी एक घटनाही याच खोऱ्यात घडली. या दोन्ही गोष्टी एका दिवसात, जाणकार माणसाला बरोबर घेऊन, कशा पाहाव्यात हे सांगण्यासाठी हा लेख. सिव्हिलवाल्यांनी तर वाचावाच, पण मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही पान उलटू नये.

निघण्यापूर्वी थोडी थिअरी

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, कधी त्यावर माती तयार होण्याइतका काळ जायचा, मग पुढचा थर यायचा. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेलं आहे. इंग्रजीत याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून तो आला आहे. सह्याद्रीचा कोणताही डोंगर बाजूने बघा, पायऱ्या दिसतातच.

हा जिना किती खोल जातो? कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधन घेतलं, तेव्हा एका ठिकाणी सुमारे ९३० मीटर बेसाल्ट पार केल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. म्हणजे आपण ज्यावर उभे आहोत ते नुसतं वरचं पांघरूण नाही, चांगली जाडजूड गादी आहे.

सहलीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आधीच निकालात काढू. “सर, तोरणा म्हणजे ज्वालामुखीचं तोंड का?” नाही. इथे लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून नव्हे, तर भेगांतून आला आणि पसरला. डोंगर नंतर झाले, तेही भर पडून नव्हे, तर पावसाने आणि नद्यांनी मधला भाग कोरून नेला म्हणून. जे उरलं त्याला आपण तोरणा, राजगड, सिंहगड म्हणतो.

बरोबर कोण हवं?

दोन माणसं हवीत. एक भूगर्भशास्त्राचे सर किंवा मॅडम, दुसरा त्याच खोऱ्यातला एखादा वाटाड्या. सर सांगतील हा खडक कोणता आणि कसा झाला. वाटाड्या सांगेल चैत्रात कोणतं टाकं आटत नाही, कोणत्या वळणावर दरवर्षी दरड येते, कोणत्या शेतातल्या विहिरीला पाणी लागलं आणि कोणत्या विहिरीवर पैसे बुडाले. दुसऱ्या माहितीशिवाय पहिली अपुरी राहते. वहीत दोन्ही लिहून घ्या.

वहीत प्रत्येक थांब्याला तीनच प्रश्न लिहायचे : खडक कोणता? सांधा कुठे आहे? पाणी कुठून जाणार? सांधा म्हणजे जिथे एक वस्तू संपून दुसरी सुरू होते ती जागा. आजच्या दिवसाचा सगळा अभ्यास या एका शब्दाभोवती आहे.

काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा बरा. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण दरड वाचायला गवत आड येतं आणि घाटात थांबणंही धोक्याचं. सामान म्हणाल तर भिंग, पेन्सिल, वही, टोपी आणि भरपूर पाणी.

पहिला थांबा : खडकवासला

मुठा नदीवरचं खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं. बाजूलाच १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. धरणाचा दगड लांबून न्याहाळा. आपल्या जुन्या वाड्यांचे चौथरे, देवळं आणि किल्ल्यांचे बुरूज याच काळ्या पाषाणाचे. हा घट्ट बेसाल्ट. लाव्हा पृष्ठभागावर येऊन लवकर थंड झाल्यामुळे याचे कण इतके बारीक की साध्या डोळ्यांना वेगवेगळे दिसत नाहीत. ताज्या, न झिजलेल्या घट्ट बेसाल्टची दाबक्षमता १०० मेगापास्कलच्या पुढे सहज जाते. लॅबमध्ये आपण एम-२० काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी २० मेगापास्कलला तपासतो, त्याच्याशी तुलना करून बघा.

दुसरा थांबा : पानशेत रस्त्यालगतची कापलेली दरड

रस्ता रुंद करताना डोंगर उभा कापलेला असतो. वाहनं लांब दिसतील अशी सुरक्षित जागा निवडा आणि दरडीच्या अगदी खाली उभे राहू नका. आता एक लाव्हाथर खालून वर वाचायचा.

मधला भाग घट्ट असतो. थंड होताना लाव्हा आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. कधी त्या इतक्या नियमित असतात की दगडाचे खांब उभे केल्यासारखे वाटतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. वरचा भाग मात्र जाळीदार असतो. आंबोळी तव्यावर टाकली की वाफ वर येते आणि जाळी पडते ना, तसंच. लाव्ह्यातला वायू वर आला आणि बुडबुडे तिथेच गोठले. पुढे या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि पांढरी, हिरवट, गुलाबी खनिजं भरली. ही बरीचशी झिओलाइट गटातली. पुणे जिल्हा या स्फटिकांसाठी जगभर ओळखला जातो. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट तर संग्राहकांचं विशेष आवडतं.

आता कळीचा भाग. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. याला रेड बोल म्हणतात. खालचा थर हवापाण्याने झिजला, त्याची माती झाली आणि वरून नवा लाव्हा आला. पट्टा नखाने उकरून बघा, भुगा होतो. वरचा थर १०० मेगापास्कलचा आणि खाली ही भुसभुशीत पट्टी! बोगदा खणताना, पाया घेताना, बोअर मारताना याच पट्टीशी गाठ पडते. नमुना चांगला म्हणून नुसत्या घट्ट खडकाचा कोअर टेस्टला पाठवला, तर रिपोर्ट उत्तम येईल आणि काम मात्र पट्टीवर घसरेल.

तिसरा थांबा : पानशेत

आंबी नदीवर पानशेतचं धरण आणि शेजारच्या मोसे नदीवर वरसगावचं. पानशेतची साठवण १०.६५ टीएमसी, वरसगावची १२.८२, तर खडकवासल्याची जेमतेम १.९७. पुण्यात आपण नळ सोडतो तेव्हा बहुतेकदा याच खोऱ्यांतलं पाणी येतं. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते. ती आधी कॉलेजच्या पत्रावर काढावी, नाहीतर लांबून पाहावं.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी, बांधकाम पूर्ण झालेलं नसताना, पानशेतचं मातीचं धरण फुटलं. पाणी खडकवासल्यावर आलं आणि ते धरणही त्याच दिवशी फुटलं. नदीकाठच्या पेठा आणि डेक्कनचा भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो. हजारो कुटुंबं बेघर झाली, हे मात्र निर्विवाद. लोकमान्यनगर, गोखलेनगर या वसाहती आपल्याला बसचे स्टॉप म्हणून माहीत असतात. त्या पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून उभ्या राहिल्या.

आता आपले तीन प्रश्न विचारू. खडक कोणता? बेसाल्टच. पण धरण फुटण्याची जी कारणं अभ्यासकांनी नोंदवली आहेत, त्यांत रोख खालच्या कातळाकडे नाही. पाणी सोडण्यासाठी मातीच्या भरावातून जो कंड्युइट नेला होता, त्याचं काम अपुरं होतं. त्याच्या कमानीला प्रबलित काँक्रीटऐवजी साध्या काँक्रीटचे ठोकळे वापरले होते. पावसाळा सुरू झाला, पाणी अपेक्षेपेक्षा वेगाने चढलं. अपुऱ्या कंड्युइटमधून पाण्याचा जोरदार प्रवाह सुरू झाला, बांधकामाला हादरे बसू लागले, वरचा मातीचा भराव खचत गेला आणि शेवटी पाणी माथ्यावरून गेलं. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं की ते थांबवणं जवळजवळ अशक्य असतं, कारण पाणी भरावच कापून नेतं.

म्हणजे सांधा कुठे होता? माती आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे. आणि आणखी एक सांधा होता, जो ड्रॉइंगवर दिसत नाही : अर्धवट काम आणि ठरलेली तारीख यांच्यामधला. निसर्गाने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घातलेले सांधे आपण भिंग लावून शोधतो. आपण स्वतः घातलेला सांधा मात्र ‘पुढच्या सीझनला बघू’ म्हणून ठेवून देतो. या थांब्यावर फोटो जरूर काढा, पण पाच मिनिटं गप्प उभे राहा आणि मग काढा.

चौथा थांबा : पाबे खिंड

मागे फिरून खानापूरहून पाबे घाटाने वेल्ह्याकडे निघा. खिंडीत पोचलात की समोर तोरणा आणि राजगड. इथे वही उघडून डोंगराचं रेखाचित्र काढायचं, कसंही येवो. उभा काळा कडा म्हणजे घट्ट थर. तिरकी, गवताची, झाडीची उतरती पट्टी म्हणजे मऊ, जाळीदार किंवा झिजलेला थर. कडा, उतार, कडा, उतार असा जिना मोजा. दोन शेजारच्या डोंगरांवर त्या रेषा जवळपास एकाच पातळीत जुळताना दिसल्या, तर कधीकाळी हे थर सलग होते आणि मधली दरी नंतर कोरली गेली, हे सरांनी न सांगताच समजेल.

किल्ला बांधणाऱ्यांनी हे चांगलं ओळखलं होतं. कड्यालाच तटाचं काम दिलं, सपाट पायरीवर माची वसवली आणि कातळात टाकी खोदली. राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थळांपैकी एक म्हणून आला. त्याच वर्षी पाचगणी-महाबळेश्वर इथले डेक्कन ट्रॅप युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. किल्ल्याचा आणि कातळाचा वारसा वेगळा काढता येत नाही, हे खिंडीत उभं राहिलं की पटतं.

पाचवा थांबा : वेल्हे, तोरण्याचा पायथा

तोरणा १,४०३ मीटर उंच. एका दिवसात दौरा आणि गड दोन्ही होणार नाही, म्हणून पायथ्याची वाट तासभर चढायची. वाटेत गोल गोल सुटणारे दगड दिसतील, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी दगड गोल होत जातो. पुढे त्याचाच मुरूम होतो. इथे वाटाड्याला विचारा, झरा कुठे आहे? बहुतेकदा तो वरचा भेगाळ थर आणि खालचा घट्ट थर यांच्या सांध्यावर निघतो. पाणी भेगांतून उतरतं, खाली वाट मिळत नाही, मग आडवं बाहेर पडतं.

हाच सांधा उन्हाळ्यात वाडीला पाणी देतो आणि अतिवृष्टीत वाडीवर येऊही शकतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर तेच घडलं. उतारावरची माती-मुरूम पाण्याने जड होते आणि खालच्या कातळावरून सुटते. उतार कापणं, झाडी काढणं, पाण्याची नैसर्गिक वाट बुजवणं यांनी धोका वाढतो. फार्महाउसचे प्लॉट पाडण्यासाठी डोंगर कापताना जेसीबी ज्या जागी थांबायला हवा, ती जागा ओळखणारं माणूस आपल्यातूनच तयार व्हायला हवं.

थोडी शिस्त

किल्ल्यावर आणि दरडीत हातोडी चालवू नका. खाली पडलेला तुकडा पाहायला पुरेसा असतो. झिओलाइट खिशात घालून आणायचा मोह आवरा, होस्टेलच्या खिडकीत आठवड्याभरात त्यावर धूळ बसते. धरणाच्या पाण्यात उतरू नका. जेवण गावातल्या घरीच सांगा. पिठलं-भाकरी मेसपेक्षा बरीच बरी असते आणि पैसे खोऱ्यातच राहतात.

परत आल्यावर (हा स्वाध्याय समजा)

१. पाचही थांब्यांवरच्या तीन प्रश्नांची उत्तरं एका तक्त्यात लिहा.
२. कोणत्याही एका दरडीतला लाव्हाथर खालून वर काढून दाखवा.
३. धरणाच्या पायासाठी कोअर घेताना रेड बोल निसटू नये म्हणून काय कराल?
४. मातीच्या भरावातून कंड्युइट नेताना कोणत्या बाबी आधी पूर्ण हव्यात?
५. वाटाड्याने सांगितलेली, पण कोणत्याही पुस्तकात नसलेली एक गोष्ट लिहा.

पाचव्या प्रश्नाला मार्क नाहीत. पण उद्या एखाद्या साइटवर तुमची सही लागेल, तेव्हा बहुधा तोच प्रश्न उपयोगी पडेल. चला तर मग, दहा-बारा जण जमवा, सरांना गाठा आणि तारीख ठरवा. तारीख चुकली तरी चालेल, काम मात्र अर्धवट सोडू नका!