द्रव-स्फटिक आणि अब्जांश कण

द्रवासारखा वाहणारा, तरीही स्फटिकाप्रमाणे रेणूंची दिशा राखणारा पदार्थ म्हणजे द्रव-स्फटिक. १८८८ मध्ये प्राग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांना एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ आणि १७८.५ अंशांना स्वच्छ होताना आढळला. या अभ्यासाचा प्रारंभ तेथून झाला. रेणूंची दिशा बदलली की त्यांतून जाणारा प्रकाशही बदलतो. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरील अंक याच गुणामुळे उमटतात. हे रेणू अल्प विद्युतदाबाने वळतात. चुंबकाने वळवायचे तर तो प्रबळ असावा लागतो.

१९७० मध्ये फ्रान्समधील फ्रांस्वाझ ब्रोशार व पिएर-जिल द जेन यांनी सुचविले, की सूक्ष्म चुंबकीय कण मिसळल्यास दुर्बळ चुंबकही पुरेल. कण वळतील व भोवतालच्या रेणूंना वळवतील. परंतु प्रत्यक्षात कण परस्परांस चिकटून त्यांचे पुंजके होत. अखेर २०१३ मध्ये स्लोव्हेनियातील संशोधकांनी लेप दिलेल्या, अब्जांश मापाच्या चपट्या चुंबकीय चकत्या वापरल्या. त्या द्रव-स्फटिकात विखुरलेल्या राहिल्या आणि दुर्बळ चुंबकानेही ध्रुवीकृत प्रकाशातील दृश्य पालटले.

कल्पना आणि सिद्धी यांत ४३ वर्षांचे अंतर पडले. पहिला प्रयोग फसताच विज्ञान सोडू पाहणाऱ्या आपल्या पाल्यांना पालकांनी हा इतिहास अवश्य सांगावा.