हृदयाची क्ष-किरण तपासणी : यंत्रांची तुलना कशी करावी?

आमच्या आंजर्ल्यात कोणाच्या छातीत कळ आली की आधी दापोली गाठायची आणि पुढे बहुधा मुंबई. डॉक्टरांनी ‘अँजिओग्राफी’ म्हटले की घरची माणसे हमखास विचारतात, “त्या किरणांनी अपाय तर होणार नाही ना?” प्रश्न भाबडा नाही. विज्ञानाच्या भाषेत तो असा : कोणत्या यंत्रात रुग्णास किती प्रारण मिळते?

प्रारणाचा शरीरावरील एकूण भार मिलीसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गाकडूनच माणसास वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. छातीच्या साध्या एक्स-रेचा भार त्याच्या शतांशाएवढा. अँजिओग्राफीचा साधारणपणे ५ ते १०. तर फुग्याने रक्तवाहिनी रुंद करण्याचा बहुधा त्याहून अधिक. १९७७ मध्ये ग्रुंटझिग यांनी झुरिच येथे हा उपचार हृदयावर प्रथम केला.

पूर्वी या यंत्रांत प्रतिमा उजळविणारी नळी असे. पुढे तिच्या जागी सपाट पटल आले. यंत्र नवे म्हणजे मात्रा कमी, असे आपण सहज धरून चालतो. तसे नेहमीच नसते. सेकंदाला १५ ऐवजी ७.५ प्रतिमा घेतल्या तर मात्रा जवळजवळ निम्मी होते. जतन करावयाच्या चित्रफितीस नुसत्या पाहण्याच्या प्रतिमेपेक्षा कितीतरी अधिक किरण लागतात. रुग्ण स्थूल असला तरी मात्रा वाढते. म्हणून एका रुग्णालयात सडपातळ रुग्णांची साधी तपासणी आणि दुसऱ्यात स्थूल रुग्णांचे अवघड उपचार होत असतील, तर नुसत्या आकड्यांवरून यंत्रांची प्रतवारी लावणे अन्यायाचे ठरेल. रुग्ण, उपचार व चित्राची स्पष्टता सारखी असेल तरच तुलना खरी.

आणखी एक गोष्ट. एकूण भार बेताचा असूनही किरण बराच वेळ एकाच जागी पडले तर त्वचेस इजा होते. २ ग्रेच्या पुढे ती लाल होऊ शकते. म्हणून त्वचेची मात्रा निराळी पाहावी लागते.

डॉक्टर-परिचारिकांना रुग्णाच्या देहावरून विखुरलेले किरण लागतात. ओटीवरच्या कंदिलापासून दुप्पट दूर गेले की उजेड चौथाई होतो; या किरणांचेही जवळपास तसेच. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलीसिव्हर्टची मर्यादा घातली आहे.

तात्पर्य, गरजेची तपासणी भीतीपोटी टाळणे हा मोठा धोका होय. यंत्र कोणते, याइतकेच ते कोण व कसे चालवितो, हेही महत्त्वाचे आहे.