एस 1000 काय, एस 10000 काय, वेग तोच!

प्रश्न : घराच्या पडवीत हौसेखातर छोटं 3018 सीएनसी मशीन लावलं आहे. फार्महाउसच्या नावाच्या पाट्या कोरतो. स्पिंडलला एस 1000 द्या नाहीतर एस 10000, तो एकाच वेगाने फिरतो. सागात टूल शिरलं की आवाज बसतो, आणि कधीकधी काम अर्ध्यावर बंद पडतं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं. त्यामुळे असेल का? की मोटर बदलू?
— एक वाचक, पोशीर (ता. कर्जत)

उत्तर : मोटरला एवढ्यात हात लावू नका. तुम्ही तीन तक्रारी एका दमात सांगितल्या आहेत, आणि तिन्हींचं कारण एकच असेल असं नाही.

आधी वेग, कारण त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हरही उचलावा लागत नाही. या मशीनचा कंट्रोलर बहुधा जीआरबीएलवर चालतो. त्यात $30 ही सेटिंग म्हणजे ‘कमाल वेग किती धरायचा’ तो आकडा. 1.1 आवृत्तीत तो मूळचा 1000 असतो. तुम्ही एस 1000 म्हणालात की पूर्ण ताकद मिळते. एस 10000 म्हणालात तरी तेवढीच, कारण त्यापुढे द्यायला काही उरलेलंच नसतं. $$ पाठवून आकडा बघा. मोटरचा 24 व्होल्टवरचा वेग 10000 असेल तर $30=10000 करा. त्याच यादीत $32 सुद्धा तपासा. मध्यंतरी लेझर लावून पाहिला असेल तर तिथे 1 राहून गेलेला असतो. मग जी 0 च्या धावेत स्पिंडल बंद होतो आणि टूल वेग घेण्याआधीच लाकडात उतरतं. टूल मोडल्यावर लोक दुकानदाराशी भांडतात.

आकडे बदलूनही वेग हलला नाही आणि एम 5 दिल्यावरही मोटर फिरतच राहिली, तर बोर्डावरचा मॉसफेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच, शॉर्ट झाल्याची दाट शंका घ्या. ही तपासणी टूल काढून ठेवूनच करायची.

आता आवाज बसण्याबद्दल. एस 5000 म्हणजे 5000 फेऱ्यांची हमी नव्हे. कंट्रोलर फक्त वीज भराभर चालू-बंद करतो आणि त्यातला निम्मा वेळ ती चालू ठेवतो. खरे फेरे कोणी मोजत नाही. तुमच्याच तालुक्यात टाटांचं भिवपुरीचं जलविद्युत केंद्र 1922 पासून आहे. अशा केंद्रात वेग घसरू लागला की गव्हर्नर टर्बाइनवर जास्त पाणी सोडतो आणि तो सावरतो. तुमच्या स्पिंडलवर असा कोणी राखणदार नाही, त्यामुळे लाकूड कठीण लागलं की वेग थोडा पडणारच. प्रश्न आहे तो किती पडतो याचा.

तो मल्टिमीटरने सुटतो. स्पिंडल पूर्ण वेगावर ठेवा, म्हणजे चालू-बंदचा गोंधळ मीटरच्या आकड्यात येणार नाही. सागाच्या टाकाऊ तुकड्यावर कापत असताना आधी अडॅप्टरच्या टोकाला, मग थेट मोटरच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. अडॅप्टरपाशीच 24 चे 18 झाले, तर अडॅप्टर अपुरा आहे. तिथे 24 टिकले पण मोटरपाशी बरेच कमी दिसले, तर वीज वाटेतच गळते आहे: बारीक तार, सैल कनेक्टर किंवा तापलेला मॉसफेट. बोट लावून गरम जागा शोधायची असेल तर ती वीज बंद केल्यावरच. दोन्हीकडे 24 असतील तर वीज निर्दोष आहे. मग टूलची धार, एका फेरीतली खोली आणि कार्बन ब्रश बघा. माझा अनुभव असा की सागात दोन मिलिमीटर खोल एकदम घ्यायचा मोह या मोटरला झेपत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या फेऱ्या जास्त वेळ खातात, पण पाटी स्वच्छ निघते.

काम अर्ध्यावर बंद पडतं तेव्हा स्क्रीनवर काय येतं ते टिपून ठेवा. जीआरबीएलचा स्वागत-संदेश आपोआप पुन्हा उमटला, तर कंट्रोलर रीसेट झाला आहे. बहुधा वीज दबल्यामुळे. पोर्टच गायब झाला, तर ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास यूएसबीला पोचतो आहे. मोटरच्या टोकांवर 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, यूएसबीची केबल आखूड आणि शील्ड असलेली घ्या आणि ती मोटरच्या तारेपासून लांब ठेवा.

राहिलं गावातलं व्होल्टेज. अडॅप्टरवर 100–240 व्होल्ट लिहिलं असेल तर संध्याकाळच्या 180 वरही तो 24 च देतो, म्हणून या मशीनपुरता वीज कंपनीवर राग नको.

प्रश्न : पुढे 1.5 किलोवॅटचा 24000 आरपीएमचा स्पिंडल आणि व्हीएफडी घ्यायचा विचार आहे. घरच्या सिंगल फेजवर चालेल? — तेच वाचक

उत्तर : चालेल, पण तिथे 180 व्होल्ट नडतात. 230 व्होल्टची वीज व्हीएफडीच्या (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हच्या) आत सुमारे 325 व्होल्ट डीसी होते; 180 ची साधारण 255. तेवढ्यावर वरच्या वेगाला मोटर दम सोडते, करंट जास्त ओढते किंवा व्हीएफडी अंडरव्होल्टेज दाखवून थांबतो. 16 ॲम्पिअरचा सॉकेट आणि खरीखुरी अर्थिंग हवी.

सगळ्यात महागडी चूक पहिल्याच दिवशी होते. हे स्पिंडल दोन पोलचे, म्हणजे 400 हर्ट्झला 24000 फेरे. नवा व्हीएफडी मात्र बहुतेकदा साध्या 50 हर्ट्झच्या मोटरसाठी लावलेला असतो. तसाच जोडला तर 50 हर्ट्झलाच पूर्ण 220 व्होल्ट जातात आणि वाइंडिंग जळतं. आधी बेस आणि कमाल फ्रिक्वेन्सी 400 करा, मोटरच्या पाटीवरचा करंट भरा, मगच बटण दाबा. पुढे संगणकावरून वेग दिल्यावर तो बरोबर निम्माच मिळाला, तर बोर्ड 5 व्होल्टचा इशारा देतो आणि व्हीएफडी 10 ची वाट बघतो असं समजा. मध्ये कन्व्हर्टर लागेल. वेग निम्मा केला की मिळणारी ताकदही निम्मी, म्हणून लाकडात 6000 वर रेटत बसू नका.

आणि व्हीएफडीचं झाकण उघडायचं असेल तर प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा. आतले कपॅसिटर तोवर भरलेले असतात.